ग्लारामाराचा उन्हाळा

आमच्याकडे उन्हाळा कॅलेंडरवर येत नाही, नळाला येतो. मे महिन्यातल्या कुठल्यातरी सकाळी मी बेसिनचा थंड पाण्याचा नळ सोडते आणि हात झटकन मागे घेते. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहाची पावडर टाकावी इतकं तापलेलं असतं. मग मी गिझरचं बटण बंद करून टाकते. आता सप्टेंबर सरेपर्यंत गिझर हीच आमची थंड पाण्याची टाकी, कारण ती घरात, एसीच्या गारव्यात असते. गार हवं तर गरम नळ सोडायचा आणि गरम हवं तर गार. नाशिकहून पाहुणी आलेली माझी नणंद पहिल्याच दिवशी न्हाणीघरातून "वहिनी" म्हणून जी ओरडली होती, ती हाक सगळ्या कंपाऊंडने ऐकली असणार.

परवा यंदाचा गिझर बंद केला. बाहेर शमाल सुटला होता. शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. येताना वाळवंट बरोबर घेऊन येतो आणि दाराखिडक्यांच्या फटींतून घरात आणून टाकतो. दोह्यात, अल गराफातल्या आमच्या गल्लीत बॅगा भरायला सुरुवात झाली आहे. शाळा संपत आल्या की बायका-मुलं गावी जातात, नवरे मागे राहतात आणि संध्याकाळी एकमेकांना फोन करून वरणाला फोडणी कशी घालायची ते विचारतात. मीसुद्धा इतकी वर्षं अशीच नाशिकला जात आले. एकच उन्हाळा गेले नाही. तीन वर्षं झाली, पण गिझरचं बटण बंद केलं की मला नाशिक आठवण्याआधी तो उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात ऊन असं नव्हतंच.

रेवती आमची एकुलती एक. घरात रेवा. ती वाढली दुखानला, कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, तेलाच्या विहिरींच्या शेजारी. सुधीर, म्हणजे माझा नवरा, तिथे इंजिनिअर होता आणि आम्ही कंपनीच्या वसाहतीत राहायचो. वसाहतीच्या मागे चुनखडीचा एक लांबलचक उंचवटा आहे. आमच्या नाशिककडे त्याला कुणी टेकडीही म्हटलं नसतं, बांध म्हटलं असतं. वसाहतीतली पोरं मात्र त्याला माउंटन म्हणायची. कॉलेजात असताना मी नाशिक जिल्ह्यातले निम्मे किल्ले पालथे घातलेले, त्यामुळे मला फार हसू यायचं. शुक्रवारी पहाटे सुधीर कूलबॉक्स घेऊन पुढे, मी मागे, आणि रेवा टोपी घालून त्या बांधावर चढायची. वर गेली की हात पसरून उभी राहायची आणि इंग्रजीत काहीतरी जाहीर करायची. आम्ही मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, तसंच चालायचं आमच्या घरात.

ही सपाट देशातली मुलगी फिजिओथेरपी शिकायला इंग्लंडला गेली आणि डोंगरांच्या नादी लागली. शिक्षण झाल्यावर नोकरी घेतली तीही लंडनला नाही, तर पार वर, उत्तरेकडच्या सरोवरांच्या डोंगराळ भागात. बॉरोडेल नावाच्या दरीत, स्लेटच्या दगडांच्या एका घरकुलात भाड्याने राहायला लागली. दर शनिवारी-रविवारी डोंगर. हे वेड तिला माझ्याकडून लागलं असं सुधीर म्हणतो. मी वीसहून जास्त वर्षं एकही चढ न चढता काढली, तरी आरोप माझ्यावरच.

मग एका नोव्हेंबरात ती पडली. ग्लारामारा नावाचा एक डोंगर आहे त्या दरीच्या टोकाशी. नाव ऐकून मला वर कुणाचीतरी मारामारी चालली असेल असं वाटलं होतं, आणि मी फोनवर तसं म्हणालेही होते. त्याच्या माथ्याजवळ ओल्या खडकावरून तिचा पाय सुटला आणि नडगीचं हाड मोडलं. एकटी होती. गावातल्या डोंगर-बचाव पथकातली माणसं स्ट्रेचर घेऊन पोचेपर्यंत ती पावसात एका दगडाच्या आडोशाला पडून राहिली. सुधीर मिळेल त्या विमानाने गेला. माझा व्हिसा व्हायचा होता, म्हणून मी मागे. तो परत आला तेव्हा त्याने मला तिच्या पायातल्या सळीबद्दल सगळं सांगितलं, पण त्या पावसातल्या वेळाबद्दल एक शब्द बोलला नाही. जेवताना मध्येच ताटावरून उठायचा आणि बाल्कनीत जाऊन उभा राहायचा.

वसंत आला, प्लास्टर गेलं, रेवा कामावर जायला लागली. फोनवर "आय एम फाइन, आई" म्हणायची. तेवढंच म्हणायची. आधी ही पोरगी फोनवर आली की ढग, मेंढ्या, बुटांची किंमत, सगळं ऐकावं लागायचं आणि मी कणीक मळता मळता "हो का, हो का" करायची. आता मी विचारायची आणि ती "फाइन". सुधीरने इकडे दोह्यातल्या एका क्लिनिकमध्ये तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला. जागा होती, पगार बरा होता, घर होतंच. मे महिन्यात माझं तिकीट काढताना तो म्हणाला, "हे बघ, तू जा. दोन महिने राहा. आणि येताना तिला घेऊनच ये. झाले तेवढे डोंगर पुरे."

"ती येईल का?" मी विचारलं.

"येईल. घाबरलीय ती. आता नाही आणलं तर पुन्हा कधी येणार नाही."

तो चुकीचं बोलत नव्हता. मुलगी घाबरली आहे तोवर तिला घरी आणायची, असा सरळ बेत होता आमचा, आणि खरं सांगायचं तर मला तो पटला होता.

इंग्लंडच्या त्या भागात जूनमध्येही थंडी असते असं रेवाने बजावलं होतं. मे महिन्यात दोह्यात गरम जाकीट शोधून बघा. दुकानदार आधी माझ्याकडे, मग बाहेरच्या उन्हाकडे बघायचे. शेवटी धावून आली ती शमीमभाभी. ती रत्नागिरीकडची, अल मन्सूराच्या जुन्या इमारतीत राहणारी, आमची अनेक वर्षांची ओळख. तिचे यजमान गोठवलेल्या मासळीच्या गोदामात क्लार्क आहेत. तिथे आत जाताना घालायचं जाडजूड निळं जाकीट तिने माझ्यापुढे ठेवलं.

"थंडी म्हंजे काय ते तुला ठावं हाय का गो?" ती म्हणाली. "आमचे हे बाहेर भट्टी न् आत बर्फ, असं रोज करतात. ह्यांनी नवीन घेतलंय, हे तू ने."

"वास येतोय गं थोडा."

"सुरमईचा हाय, इंग्लंडात कोन वळखतंय. न् पोरीला सांग, खालाने दुवा मागितलीय."

अशा रीतीने कतारच्या शीतगृहातलं ते जाकीट बॉरोडेलला पोचलं.

दरी बघून मला रडू आलं, आणि ते कौतुकाचं होतं की भीतीचं ते मलाही सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना डोंगर, त्यांच्या अंगावरून सरळ वर चढत गेलेल्या दगडी भिंती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. खाली नदी, इतकी स्वच्छ की तळातले गोटे मोजावेत. पाऊस पडायचा असा नाही. तो हवेत असायचाच, आपण त्यातून चालायचं. नेच्याच्या पानांचा कडवट हिरवा वास, ओल्या लोकरीचा वास. रात्रीचं जेवण झालं तरी बाहेर उजेड, त्यामुळे भांडी घासून झाली की काय करायचं ते कळायचं नाही.

मी मात्र कतारची सवय बरोबर घेऊन गेले होते. सकाळी उठल्याबरोबर घरातले सगळे पडदे ओढून घ्यायचे, म्हणजे ऊन आत येत नाही आणि एसीवर भार पडत नाही. तिथे ना ऊन, ना एसी, तरी हात आपोआप पडद्याकडे जायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दार वाजलं. शेजारच्या मार्गारेटबाई, सत्तरीच्या, हातात केक, चेहरा पडलेला. माझा हात हातात धरून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मी "थँक यू, थँक यू" करत राहिले. संध्याकाळी रेवा आली तेव्हा उलगडा झाला. त्यांच्या जुन्या लोकांत घरात कुणी गेलं की दिवसाढवळ्या पडदे ओढतात. बाईंना वाटलं होतं, दोह्यात आमचं कुणीतरी वारलं. रेवाने जाऊन समजूत घातली. तो केक आम्ही दोघींनी खाल्ला. मला वाटलं होतं की या गोष्टीवर रेवा खो खो हसेल. ती फक्त म्हणाली, "इट्स ओके, आई. पडदे उघडे ठेव."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की माझी मुलगी आजारी आहे, आणि आजार पायात नाही.

ती चालायची. हातात काठी, नदीकाठचा डांबरी रस्ता, पुलापर्यंत आणि परत. लंगडणं जवळजवळ गेलं होतं. पण रस्ता जरा चढाला लागला की थांबायची, घड्याळ बघायची, "आता वळू या" म्हणायची. बूट दाराजवळ होते, कोरडे खडखडीत, आणि ती त्यांच्यावरून पाय टाकून जायची. दिवसभर हॉस्पिटलमध्ये ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना मोडलेल्या पायांवर उभं करायची. "एक पाऊल, मिस्टर अमुक, फक्त एकच," असं तिचं बोलणं मी एकदा फोनवर ऐकलं होतं. एका संध्याकाळी मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

"हाड जुळलंय, आई. बोन इज परफेक्ट." मग काठी कोपऱ्यात ठेवत म्हणाली, "ते बोनबद्दल नाहीच आहे."

मी पुढे विचारलं नाही. मला बरं वाटत होतं. आई म्हणून हे लिहिताना अवघड जातं, पण तिची भीती बघून मला बरं वाटत होतं. भीती होती तोवर ती खाली होती, माझ्या डोळ्यांसमोर होती, कुठल्याही दगडाआड पावसात पडलेली नव्हती. सुधीरचा फोन आला की मी म्हणायची, "सध्या काही बोलू नकोस, येईल बहुतेक." तो म्हणायचा, "क्लिनिकवाले विचारतायत." आणि फोन ठेवला की मी खिडकीतून बघायची. रेवा बाहेरच्या बाकावर बसलेली असायची, डोंगरांकडे पाठ करून. त्या दरीत डोंगरांकडे पाठ करून बसायला फार खटाटोप करावा लागतो. ते सगळ्या बाजूंनी आहेत.

इकडे कतारमध्ये मी बरीच वर्षं सकाळी मॉलमध्ये चालायला जाते. उन्हाळ्यात दोह्यात चालायचं तर मॉलमध्येच. दुकानं उघडायच्या आत आम्ही चार-पाच जणी गुळगुळीत फरशीवरून गोल गोल फिरतो. कुठे चढ नाही, उतार नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा मशीनची. बरोबरीच्या बायका मुलांबद्दल बोलतात. कुणाचा कॅनडात, कुणाची जर्मनीत. प्रत्येकीला मूल दूर गेल्याचा अभिमान आहे आणि प्रत्येकीच्या मनात एक गुपचूप हिशेब आहे, की काहीतरी बारीकसं बिनसावं आणि ते परत यावं. मोठं नको, बारीकसं. हे कुणी बोलत नाही. मला ऐकू येतं, कारण तो उन्हाळा मी तसाच सुरू केला होता.

आमच्या सह्याद्रीत आणि त्या डोंगरांत काय फरक, असं मला इथे पुष्कळ जण विचारतात. आमच्याकडे डोंगरावर कुणीतरी असतं. पायथ्याला वाडी, वाटेत गुराखी, वर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं, शेंदूर फासलेला मारुती आणि सुट्टीच्या दिवशी लिंबू-सरबतवालाही. वाट चुकली तर "ओ मामा" अशी हाक मारायची. तिकडे वर कुणी नसतं. माथ्यावर नुसता दगडांचा ढीग. येणारा त्यावर एक दगड ठेवतो आणि जातो. मला आधी ते उदास वाटलं. पण तिथे गावात तोंड फिरवून जाणारी माणसं डोंगराच्या वाटेवर भेटली की हमखास "मॉर्निंग" म्हणतात, असंही मी पाहिलं. मार्गारेटबाई तर रोज कुंपणापलीकडून रेवाला विचारायच्या, "बीन अप येट?" म्हणजे, वर जाऊन आलीस का? बाकी काही नाही. पाय कसा आहे, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. रेवा मान हलवायची, त्याही मान हलवायच्या आणि कपडे वाळत घालायला लागायच्या, पाऊस असला तरी.

जूनच्या शेवटी एका रविवारी मीच हट्ट धरला की कुठेतरी डबा घेऊन जाऊ. वॉटेंडलाथ नावाच्या एका वाडीपर्यंत गाडी जाते. चार घरं आणि एक छोटं तळं, बस. तिथून पठारावर एक वाट जाते, मंद चढाची. रेवा म्हणाली, जरा पुढे जाऊन परत येऊ. मी थालीपिठं केली होती, लोणी नव्हतं म्हणून तिकडचं बटर, आणि चटई घेतली होती. वर पठारावर सगळं तपकिरी, खरबरीत गवत, मध्ये मध्ये कापसाच्या बोंडांसारखी पांढरी फुलं डुलत होती. आणि वाटेपासून थोडं बाजूला एक गोल तुकडा होता, असा हिरवा की बघत राहावं. लुसलुशीत, सपाट, कुणीतरी आपल्यासाठी गालिचा घालून ठेवल्यासारखा.

कतारमध्ये राहिलेल्या माणसाला हिरवं दिसलं की काय होतं ते सांगायला हवं. इथे आपोआप काही हिरवं नसतं. हिरवं आहे म्हणजे तिथे कुणी पाणी घालतंय, तिथे नळ आहे, सावली आहे, माणसं आहेत. हिवाळ्यात संध्याकाळी आम्ही सगळे हिरवळ शोधत फिरतो आणि दिसेल त्या बागेत चटई पसरून डबे उघडतो. रेवा बुटाची नाडी बांधायला वाकली होती. मी चटई काखेत, डबा हातात, अशी सरळ त्या हिरव्याकडे निघाले आणि पाऊल ठेवलं.

जमीन नव्हतीच. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला, मग मांडीपर्यंत. बर्फासारखं पाणी. मी डावा पाय टेकून उजवा ओढायला गेले तर डावाही गेला. डबा कुठेतरी उडाला. मी काही ओरडले असेन, पण मला रेवाचंच ऐकू आलं.

"आई, हलू नकोस. स्टॉप. पाय ओढू नकोस."

"अगं, आत जातेय मी."

"जात नाहीयेस. मागे रेल. खुर्चीत बसतेस तशी बस. बस, आई."

ती काठी टाकून धावत आली होती. धावत. ओल्या, हलत्या जमिनीच्या काठावर ती आडवी पडली, माझं ते निळं जाकीट तिने कमरेला बांधलं होतं ते सोडून माझ्यापुढे पसरलं. "यावर हात. दोन्ही. आता एक पाय, हळू, गोल फिरव. घाई नाही. फक्त एकच पाय." आवाज शांत, पण त्यात अशी जरब की मी पन्नाशी उलटलेली बाई मुकाट्याने ऐकत गेले. ती मोडलेल्या पायाच्या गुडघ्यावर सगळा भार देऊन, चिखलात, मला काखेत धरून मागे सरकत होती आणि ते तिच्या गावीही नव्हतं. पाय सुटला तेव्हा चिखलाने असा आवाज केला की चांगले संस्कार असलेल्या घरात तो कुणी केला नसता.

आम्ही दोघी वाटेवर बसलो. मी थरथरत होते. तिने माझे मोजे काढून पिळले, पाय चोळले, जाकीट झटकून माझ्या खांद्यावर घातलं. मग म्हणाली, "सगळ्यात हिरवं असेल तिथे कधी पाय ठेवायचा नाही इथे. ते मॉस असतं, शेवाळ. खाली नुसतं पाणी."

"मला काय माहीत. आम्ही वाळवंटातली माणसं."

"मीही वाळवंटातलीच," ती म्हणाली. "मीही अशीच शिकले. माझा बूट अजून आत आहे एक."

परतताना ती पुढे चालत होती. वाट बघत, मला कुठे पाय टाकायचा ते दाखवत, मराठीत की इंग्रजीत बोलतेय याचंही भान नसलेली. ही तीच मुलगी होती जिच्या फोनला मी कणीक मळत "हो का" करायची. काठी मागे पडलेली मी उचलली होती. ती माझ्याच हातात राहिली आणि मी तिला आठवण केली नाही. त्या अर्ध्या तासात माझ्या मनातला बेत मोडला. भीतीने खाली ठेवलेली मुलगी मी महिनाभर बघितली होती, आणि आता ही दुसरी बघत होते. दोघींतली कुठली दोह्याला न्यायची असा प्रश्न असेल तर उत्तर सोपं होतं. पहिलीच यायला तयार होती. दुसरी आली नसती. आणि मला दुसरी जिवंत हवी होती, माझ्यापासून कितीही लांब.

सुधीरला मी हे सांगितलं नाही. काय सांगणार होते? त्या पावसातलं त्याने मला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर बूट ओले व्हायला लागले. आधी दरीच्या कडेचा एक छोटा डोंगर, मग त्याहून जरा मोठा. मी बरोबर असायची, मॉलमधल्या सरावावर आणि जुन्या किल्ल्यांच्या पुण्याईवर. गुडघे बोलायचे, पण चढ लागला की अंगात काहीतरी जुनं जागं व्हायचं. श्वास लागतो, घाम येतो, आणि माणूस हलका होतो. रेवा जिथे खडक येईल तिथे मात्र वळायची. गवत चालेल, माती चालेल, खडक नाही. आणि ग्लारामाराकडे बघायचीच नाही.

माझ्या परतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी तिने चहा पिता पिता विचारलं, "ग्लारामारा करू या?" जणू बाजारात जाऊ या. मी "करू या" म्हटलं. चहा तसाच ठेवून डबा भरायला उठले. मार्गारेटबाई बागेत होत्या, त्यांनी आमच्या पिशव्या पाहिल्या आणि कधी नव्हे ते काहीच विचारलं नाही.

लांबलचक, गवताळ सोंड चढत गेलो. खाली दरी छोटी होत गेली, नदीचा दोरा झाला. दरीत घरातल्या वायफायबाहेर फोन लागत नाही, वर लागतो, त्यामुळे मध्येच माझ्या फोनवर सुधीरचे सकाळपासूनचे मेसेज एकदम टणटणले. मी खिशात टाकला. माथ्याच्या जरा खाली गवत संपतं आणि खडकाची एक पायरी येते, दोन माणसं उंच असेल. हाता-पायांनी चढायची. त्याच्या वर ढग बसलेला होता. ती पडली होती ती जागा त्या पायरीच्या पलीकडे.

रेवा थांबली. खडकाला हात लावला, काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "इथूनच वळू या. तुझे गुडघे, आई. उतरताना त्रास होईल तुला."

माझे गुडघे. किती सोपं होतं हो म्हणणं. मी हो म्हटलं असतं तर ती खाली आली असती, माझ्यासाठी खाली आली असती, तिच्या भीतीचं नावही घ्यावं लागलं नसतं. आणि पुढच्या आठवड्यात विमानात माझ्या शेजारी बसली असती. माझ्या सगळ्या अंगाला हो म्हणायचं होतं.

"माझे गुडघे इथे बसतात," मी म्हणाले. "तू जाऊन ये."

"एकटी?"

"मी आहे इथे."

ती बराच वेळ उभी राहिली. वारा होता, ढग खालीवर होत होता. मग तिने खडकाला पुन्हा हात लावला, पाय ठेवला, तपासला, दुसरा ठेवला. मी बघत होते आणि बघवत नव्हतं. वर पोचली, उभी राहिली आणि ढगात गेली.

मी खडकाला टेकून बसले. सुरमईच्या वासाचं जाकीट गळ्यापर्यंत ओढलं. कुठेतरी मेंढी ओरडत होती. पाण्याचा आवाज येत होता. वर काही नाही. हाक मारावी असं दहादा वाटलं. हाक मारली तर ती दचकेल, म्हणून मारली नाही. देवाचं नाव घेतलं, मग सुधीरचं. मी काय केलं हे, असं स्वतःला विचारलं. तो आयुष्यभर मला माफ करणार नाही, आणि मीही करणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. ढग उठेना. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, घड्याळ बघायचं धैर्य नव्हतं.

फोन वाजला. सुधीर.

"काय रे?"

"रेवाचा फोन आला होता. आत्ता."

मी उठून उभी राहिले. मी इथे खाली असताना तिने दोह्याला फोन का करावा, हेच मला समजेना. "काय झालं तिला?"

"तू तिला एकटीला पाठवलंस वर?"

"हो."

त्याच्या मागे ऑफिसात कुणीतरी हिंदीत कुणाला चहाचं विचारत होतं.

"सुधीर, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बाबा, मी जिथे पडले होते ना, त्याच्या वर उभी आहे. ओरडू नका."

"मग ओरडलास?"

"नाही गं. मला काही सुचेचना. विचारलं, काय दिसतंय तिथून. तर म्हणाली, काहीच नाही बाबा, सगळं पांढरं आहे. आणि हसत होती गं. काही दिसत नाही म्हणून सांगत होती, आणि हसत होती."